त्या दिवसाचं सोडून

"काकू, थांबा! त्या दिवसाचं काही सांगू नका मला!" ती इतक्या जोरात ओरडली की समोरच्या काकूंनी दचकून तोंडावर हातच ठेवला.

ओरडणार नाही तर काय! तिचं कामच तसलं. विद्यापीठाच्या संशोधनात नोकरी. पक्षाघाताचा झटका आला की काही पेशंटना दारात आलेल्या अॅम्ब्युलन्समध्येच औषध द्यायचं, काहींना हॉस्पिटलात पोचल्यावर, आणि तीन महिन्यांनी बघायचं, कोण किती सावरलं. ते बघणारी ही. आता कुणाला औषध कुठे मिळालं हे बघणारीलाच कळलं, तर मार्क देताना हात कलणारच ना, कितीही नाही म्हटलं तरी! म्हणून हिला त्या दिवसाचं काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही. खोलीसुद्धा वेगळी, पार टोकाची. कॅन्टीनमध्ये ही ताट घेऊन आली की टेबलावरचे सगळे गप्प. "आली आली, आंधळी कोशिंबीर! चला, हवापाण्यावर बोला!" मग ते खरंच हवापाण्यावर बोलतात, आणि ही भराभरा जेवून उठते. मागे एकदा एका पेशंटच्या भावाने भडाभडा सगळं सांगून टाकलं, तर तो पेशंट दुसऱ्याकडे द्यावा लागला, आणि सर म्हणाले, "कान बंद ठेवता येत नसतील तर दुसरं काम बघ."

तर आज या काकू, नवऱ्याला तीन महिन्यांच्या तपासणीला घेऊन आलेल्या. वॉर्डातले मामा काकांना व्हीलचेअरवरून बाथरूमला घेऊन गेले, दार लागलं, आणि काकूंनी खुर्चीच पुढे ओढली. त्याचीच वाट बघत होत्या जणू.

"आदल्या रात्री आमचं वाजलं होतं हो. सकाळी चहा दिला, तर हे बोलेनात. मला वाटलं, धरला अबोला. मग मी तरी कशाला बोलू? मीपण दुपारपर्यंत—"

आणि इथेच ती ओरडली.

काकूंनी तोंडावरचा हात खाली घेतला. "मुलाला सांगायची सोय नाही. बहिणीला तर नाहीच नाही. म्हटलं, तुम्ही परक्या. परक्याला सांगता येतं."

"दुसरं काहीही बोला ना, काकू. अगदी काहीही. फक्त ते सोडून."

"बरं. मग एवढंच सांगा." काकूंनी दाराकडे बघून आवाज खाली घेतला. "यांना बोलता येत नाहीये, की माझ्याशी बोलायचं नाहीये?"

ती तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी दार ढकललं. "घ्या, तुमचे महाराज परत!"

मग काय, तपासणी सुरू. उजवा हात उचला काका. नाही? असू दे. डोळे मिटा. छान. आता चित्रं. तिने खुर्चीचं चित्र समोर धरलं.

"त," काका म्हणाले.

घड्याळ. "त... त..." काकांच्या कपाळावर घाम. कानशिलं लाल.

अशा वेळी घरचे लोक मागून चुळबुळ करतात. ओठ हलवतात, "अहो, घ... घ..." असं पुटपुटतात, त्यांना गप्प बसवता बसवता नाकी नऊ येतात. या काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. नुसत्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. आणि एकेक चित्र चुकत गेलं तसा काकूंचा चेहरा, खोटं नाही, उजळत गेला.

"नाही येत ना?" काकूंनी हळूच विचारलं. "मुळीच नाही येत ना?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण पुढचं चित्र उचलताना तीसुद्धा मनात म्हणत होती, चुका काका, चुका.

"छत्री," काका म्हणाले.

स्वच्छ! छ, त्र, सगळं जागच्या जागी. काका स्वतःच इतके चकित झाले की चित्राकडे बोट दाखवून हसायलाच लागले, अर्ध्या तोंडाने. तीही सवयीने बोलून गेली, "वा काका, वा!" आणि तिने पटकन वळून काकूंकडे बघितलं.

काकूंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती.

"म्हणजे येतं तुम्हाला," काकू नवऱ्याला म्हणाल्या. अगदी हळू.

आता तिला सांगायचं होतं, अहो काकू, असं नसतं, एखादा शब्द असाच निसटतो, त्यात माणसाची मर्जी नसते, ते काही रुसलेले नाहीत तुमच्यावर! अगदी ओठांवर होतं. पण दाराशी मामा उभे, आणि ते सांगायचं म्हणजे त्यांच्यासमोर मघाचं ऐकलं हे कबूल करायचं. म्हणजे काका दुसऱ्याकडे. म्हणजे पुन्हा सर. आणि ती? तिने मान खाली घातली आणि छत्रीपुढे एक मार्क दिला.

काका काकूंकडे वळले. डाव्या हाताने त्यांनी काकूंची बाही धरली, ओढली, आणि म्हणाले, "त." मग जोर लावून, "त... त... त..."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.