दांडग्या प्लेटलेट

मुलीने हट्टाने उड्यांची दोरी बरोबर आणली होती; लॅबच्या यंत्राने याही वेळी तिच्या रक्तात प्लेटलेट कमीच दाखवल्या, तशी आईने दोरी पर्समध्ये कोंबली. रक्त थांबणार नाही या धाकाने तीन वर्षं खेळ बंद होता. लॅबमधल्या जुन्या तंत्रज्ञ मावशींनी मात्र तिच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरला आणि देवाचं नाव घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "दात पडला तेव्हा रक्त वाहत राहिलं?" "छे, लगेच थांबलं." "थांबणारच! प्लेटलेट चांगल्या दांडग्या आहेत. यंत्र मेलं आकारावरून मोजतं, मोठ्या दिसल्या की तांबड्या पेशींत ढकलतं." त्यांनी हाताने मोजल्या, पुरेशा निघाल्या. मग आईच्या बोटाचा थेंब पाहिला, तिथेही तशाच. "पोरगी तुमच्यावर गेलीय, दुसरं काही नाही." डॉक्टरांनीही काच पाहून मान डोलावली. आईने पर्समधून दोरी काढली. "चल आवारात. पहिल्या दहा उड्या माझ्या, मग तुझ्या."