परत फेकलेला चेंडू

"पुन्हा दाखवतायत बघ तुला," मर्ल म्हणाला आणि शेंगदाण्यांची वाटी सरकवून टीव्हीकडे वळला.

काझने मान वर केली नाही. आठवडाभर हेच चाललं होतं. बेसबॉलपटू बेनितो अरियासने निवृत्ती जाहीर केल्यापासून शिकागोतल्या एकाही वाहिनीला दुसरं काही सुचत नव्हतं. बेनितोचे होमरन, बेनितोची आई, बेनितोचा गुडघा. आणि अधूनमधून तो एकोणीस वर्षांपूर्वीचा तुकडा. बेनितो तेव्हा सेंट लुईसच्या पाहुण्या संघातून इथे खेळायला आलेला कोवळा पोरगा. त्याने आयुष्यातला पहिला होमरन, म्हणजे सीमेपलीकडे जाणारा फटका, मारला, चेंडू थेट प्रेक्षकांच्या बाकांवर आला आणि काझ झेलिन्स्कीने तो झेलला. मग त्याच काझ झेलिन्स्कीने उभं राहून चेंडू मैदानात भिरकावून दिला.

त्या बाकांवर बसणाऱ्यांची रीतच तशी. पाहुण्यांनी मारलेला होमरन घरात ठेवायचा नाही, परत फेकायचा. न फेकणाऱ्याला सगळे मिळून शिव्या घालतात. पण पुढच्या वर्षी बेनितो शिकागोच्या संघात आला, इथलाच झाला, शहराचा लाडका झाला. तेव्हापासून काझ म्हणजे हातात आलेली लक्ष्मी लाथाडणारा माणूस.

"बघ, बघ, काय लिहिलंय खाली," मर्ल खिदळला. "'शिकागोतला सर्वात मोठा येडा.' निदान सर्वात मोठा तरी म्हणाले रे!"

"लाज नाही वाटत मेल्यांना," गल्ल्यामागून रोझलिन म्हणाली. दारूचा गुत्ता तिचा, टीव्ही तिचा, त्यामुळे शेवटचा शब्दही बहुधा तिचाच असे. "एवढा खेळला तो माणूस आणि तुम्ही दाखवता काय, तर आमच्या काझची फजिती!"

"लोकांना थोडं हसायला लागतं, बाई."

"हसायला? अरे, याच पेपरवाल्यांनी पहिल्या वर्षी बेनितोला लाकडाचा ओंडका म्हटलं होतं. मी विसरले नाही. आता बघ, रोज पानभर आरती. मरेपर्यंत शिव्या घालायच्या आणि मग हार घालायचे."

"तो मेला नाहीये. निवृत्त झालाय."

"इथल्या पेपरात दोन्ही सारखंच."

मर्ल हसला. काझही जरासा हसला. मग पडद्यावर त्याच्याशेजारी ल्युसिल दिसली आणि त्याचं हसू मावळलं. तोंडावर दोन्ही हात दाबून ती वाकली होती, खांदे गदगदत होते. खाली अक्षरं आली: 'बायकोला रडू आवरेना.'

"ती रडत नव्हती," काझ म्हणाला.

"दिसतंय की सरळ सरळ."

"मी शेजारी होतो का तू? हसत होती ती. मला काय वाटेल ते म्हणा, येडा म्हणा, पण तिच्या नावावर रडणं खपवू नका. ती गेली आता. तिला येऊन सांगता येत नाही."

मर्लने मान खाली घातली.

काझला ती दुपार लख्ख दिसत होती. भिंतीवरची हिरवीगार वेल, सरोवराकडून येणारा वारा, ल्युसिलच्या हनुवटीवरची मोहरीची चटणी. सॉसेज खाताना दर वेळी तिथेच लागायची आणि तिला सांगितलं की म्हणायची, राहू दे, घरी जाताना भूक लागेल. पुढे बेनितोचा एकही सामना दोघांनी चुकवला नाही. जागा मिळाली तर बाकांवर, नाहीतर घराच्या मागच्या पायऱ्यांवर रेडिओ लावून. बेनितो मैदानात उतरला की ती काझला कोपर मारायची आणि पुन्हा तशीच हसायची. तिच्यामागे हे शहर त्याला बेचव वाटायला लागलं होतं.

"रविवारी निरोपाच्या सामन्याला येतोयस ना?" रोझलिनने विचारलं.

"नाही. माझ्याकडे बोट दाखवतील आणि तिच्या रडण्याच्या गोष्टी सांगतील. त्यापेक्षा घरी बरा."

"अरे, जन्मभर ज्याच्यावर जीव टाकलास..."

"म्हणूनच."

"गप्प! गप्प बसा दोघं!" मर्ल ओरडला. "बेनितो बोलतोय!"

रोझलिनने आवाज वाढवला. पडद्यावर बेनितो बसला होता. मिशी पिकलेली, डोळे ओले, हातात एक मळकट चेंडू.

"हा माझा पहिला होमरन," तो म्हणत होता. "मैदानावरच्या माणसांनी उचलून मला आणून दिला. आई गेली तेव्हा हा माझ्या खिशात होता. त्या गृहस्थाला सगळे हसतात. मी म्हणतो, त्याने तो ठेवून घेतला असता तर माझ्याकडे काय राहिलं असतं? एवढा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. रविवारी त्याने मैदानावर यावं. सगळ्यांसमोर मला त्याच्या पाया पडायचंय."

रोझलिनने पदराने डोळे पुसावेत तसे हातातल्या फडक्याने पुसले. मर्लने काझचा खांदा घट्ट धरला.

"चुकलो रे म्हाताऱ्या," तो म्हणाला. "एवढी वर्षं तुझी टिंगल केली. आता तरी जाशील ना?"

"जायलाच हवं," रोझलिन म्हणाली. "ल्युसिल असती तर हाताला धरून नेलं असतं तिने."

काझ पडद्याकडे बघत राहिला. बेनितोने चेंडू गालाला लावला होता. त्या दिवशी सामन्याआधीच्या सरावात ल्युसिलने उचललेला आणि ऐन वेळी 'हा फेक' म्हणून काझच्या हातात कोंबलेला तो चेंडू होता. होमरनचा खरा चेंडू शवपेटी बंद करण्याआधी काझने स्वतः तिच्या मुठीत ठेवला होता.