सातचा भोंगा

जीपमध्ये दोन माणसं, एक नकाशा आणि जुळवलेली दोन घड्याळं होती. इंदूरची मिल बंद होऊन वर्ष झालं, तरी घरी बसलेल्या बाळकृष्णांना तिचा सकाळी सातचा भोंगा ऐकू येई.

"मोहल्ल्यात मला म्हणतात, भिया सटकला, डोकं फिरलं याचं," ते मुलीला म्हणाले.

फिजिक्स शिकलेली अस्मिता त्यांना घेऊन दक्षिणेला निघाली. हैदराबादला त्यांना भोंगा सात बत्तीसला ऐकू आला, बंगलोरला सात चोपन्नला. इंदूरहून निघालेल्या आवाजाला तिथे पोचायला तेवढाच वेळ लागतो.

"बाबा, तुम्ही नाही, मिलच सटकली."

"मग कन्याकुमारीला केव्हा?"

"आठ वीस."

समुद्रापाशी बाळकृष्ण ताठ मानेनं उभे राहिले. या वेळी तिलाही ऐकू आला. आठ वाजून वीस मिनिटं, नऊ सेकंद.