देवळाचं चित्र

मुळशीच्या माळावरचं पडकं देऊळ मृण्मयी मन लावून कागदावर रंगवत होती, आणि रानाचे मालक भिवाजीबाबा सासूसारखे तिच्या पाठीमागं बसले होते. सकाळी म्हणाले, शेवाळ राहिलं. दुपारी म्हणाले, कळसातून उगवलेला पिंपळ राहिला. आता सही करायला तिनं ब्रश उचलला, तर म्हातारा आडवाच आला.

"नंदीचा कान राहिलाय, बाई."

"कान तुटलाय त्याचा, बाबा."

"मग तुटलेला काडा की."

"किती छळाल?"

बाबांनी बांधाकडेला उभ्या जेसीबीकडं पाहिलं. "पोराला हितं प्लॉट पाडायचेत. पर तुमचं चित्र पुरं हुईस्तवर देवळाला हात लावणार न्हाई, असा शब्द दिलाय त्यानं."

मृण्मयीनं कागद बोर्डावरून उतरवला आणि सरळ फाडला.

"चुकलंच होतं," ती म्हणाली. "उद्या पहिल्यापासून काढू."