रिकामी डुबकी

"कॅमेरा भायर ठेवूनच बुडवतंस?" खवणेकर तात्यांनी विचारलं.

"जुना डबा घेताना आधी रिकामाच बुडवायचा. गळला तर फक्त टिश्यू भिजतो," मी म्हटलं. पाण्याखाली फोटो काढताना कॅमेरा ज्यात बंद करतात, तो डबा बघायला मी त्यांच्या अंगणात आले होते. डबा त्यांच्या मुलाचा, त्यांच्या बोलीत झिलाचा. गेल्या वर्षी डबा किनाऱ्याला लागला, मुलगा लागला नाही.

आत कोरडा टिश्यू ठेवून मी डबा घट्ट लावला आणि विहिरीच्या पाण्याच्या बादलीत दाबून धरला. एकही बुडबुडा आला नाही. वर काढला, बाहेरून नीट पुसला आणि उघडला. आत टिश्यूचा लगदा झाला होता. मी बोट लगद्याला लावून जिभेवर टेकवलं.

"खारट?" तात्यांनी हळूच विचारलं.

मी बादलीतलं पाणी चाखलं. ते गोडच होतं.

तात्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. "माका डबो इकूचो नाय. ह्या खारा पाणी फक्त माझ्याच हातान येता काय, ता बघूचा होता."

मग त्यांनी समुद्राकडे बघितलं. "म्हंजे माझो झील अजून पाण्यातच आसा."