शून्याखालचं अंगण

धरणाचा आजचा आकडा माझ्या प्रोग्रॅमने सकाळीच नाकारला. उणे चाळीस सेंटिमीटर. पाण्याच्या खोलीसाठी मी खास टाइप, म्हणजे आकड्यांचा साचा, बनवला होता; त्याची अटच अशी, की शून्याखालची संख्या त्यात बसत नाही. उणं पाणी कुठे असतं?

"एवढं सोवळं कशाला पाळतेस? अट काढून टाक," शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले. मी काढली नाही. एक खोटा आकडा आत घेतला, की पुढची सगळी गणितं गुपचूप खोटी होतात.

मी आजोबांना, आबांना, फोन लावला. तीस वर्षं तिथलं पाणी त्यांनीच मोजलं होतं, पाण्यातल्या खांबावर शून्याची रेघही त्यांनीच ओढली होती.

"आबा, आकडा उणे आलाय. शून्य तळाशीच आहे ना?"



"नाही गं. तेव्हा धरणाचे साहेब म्हणाले, शून्य कुठेही धर. मी आपल्या धरणात बुडालेल्या घराच्या उंबऱ्याइतकं धरलं. रोज बघायचो, घरावर पाणी किती आहे." मग स्वप्नात बोलावं तसं विचारलं, "उणे किती म्हणालीस?"

"चाळीस."

"म्हणजे दोन्ही पायऱ्या वर आल्या. अंगण उघडं पडलं, पोरी."

अट मी तशीच ठेवली. फक्त तिच्या शेजारी दुसरा टाइप लिहिला. शून्याखाली पाणी नाही, अंगण आहे. प्रोग्रॅम लगेच चालू लागला आणि पडद्यावर आकड्याच्या जागी तो एकच शब्द उमटला.

"अंगण," मी मोठ्याने वाचलं.

"उद्या जाऊ," आबा म्हणाले. "चपला मात्र पायरीखालीच काढ हं. माझी आई रागावते."