वीटभट्टीमागची गल्ली

“चोर तो चोर, वर शिरजोर!” नकाशेवाल्यांनी हातातली जाड गुंडाळी साहेबांच्या टेबलावर आपटली. “एकतीस वर्षं उन्हात टेप धरून मी हे शहर मोजलं. आणि तुमचं यंत्र म्हणे नऊ दिवसांत नकाशा काढतं!”

नगर कार्यालयातले साहेब कसनुसं हसले. शेजारी बसलेली इंजिनिअर मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, विमानातून शहराचे फोटो काढले. रस्ता कसा दिसतो, गतिरोधक कसा दिसतो, हे यंत्राला दुसऱ्या शहरांचे हजारो फोटो दाखवून शिकवलंय. तुमचा नकाशा त्याने पाहिलेलाही नाही. हा फोटो बघा ना…”

“फोटो ठेवा तुमच्याकडेच. उंटावरून शेळ्या हाकणारे तुम्ही! आता तर उंटही गेला, विमान आलं.”

संताप येणारच. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली, तरी शहरात त्यांचाच नकाशा चालत होता. परवाच्या समारंभात नवा नकाशा निघाला. त्याखाली यंत्राचं नाव झळकलं, कंपनीचं झळकलं, साहेबांचंही झळकलं. ज्याने गल्लीबोळांत जोडे झिजवले, त्याचं मात्र नाव नाही. त्यांना दुसरं काही नको होतं. नव्या नकाशाखाली आपलं नाव हवं होतं आणि ते घेतल्याशिवाय ते उठणार नव्हते. “भांडा, पण रक्तदाबाची गोळी घेऊन भांडा,” असं बायकोने सकाळी बजावलं होतं. गोळी घेऊनच ते आले होते.

“पुरावा आहे माझ्याकडे.” त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पसरले आणि वीटभट्टीमागच्या एका बारीक गल्लीवर बोट ठेवलं. “ही माझ्या नकाशात आहे. तुमच्यातही आहे. बरोबर?”

“बरोबर,” मुलगी म्हणाली.

“ही गल्ली जगात कुठेच नाही!”

साहेबांचा चहाचा कप हातातच राहिला.

“आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे ही,” नकाशेवाल्यांना आता चांगलाच जोर चढला. “नकाशात एक खोटी गल्ली घालून ठेवायची. नक्कल मारणारा तीही उचलतो आणि सापडतो. तिथे पडीक रान होतं, कुत्रंही फिरकायचं नाही. एक दिवस जेवण झाल्यावर पट्टी ठेवली आणि मारली रेघ. आयत्या बिळावरचा नागोबा पकडायचा, तर बीळ आपणच खोटं करून ठेवावं!”

मुलीचा चेहरा लाल झाला. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. ते पाहून नकाशेवाल्यांना फार बरं वाटलं.

“नुसती रेघ?” तिने विचारलं. “मनात आलं म्हणून?”

“मनात आलं म्हणून.”

“नकाशा छापून आल्यावर कधी तिकडे गेलात?”

“नसलेल्या गल्लीत जायचं कशाला?”

साहेब खो खो हसले आणि लगेच गंभीर झाले. हे प्रकरण वर्तमानपत्रात गेलं तर समारंभाची शोभा होईल, एवढं त्यांना कळत होतं. “काका, हे लेखी द्या. मी तुमचं नाव घालतो.”

नकाशेवाल्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं: सदर गल्ली अस्तित्वात नाही, ती मी कल्पनेने काढली आहे. खाली ठसठशीत सही केली. साहेबांनी शिक्का मारून कागद मुलीकडे सरकवला. “काकांचं नाव टाका. आणि ती गल्ली आत्ताच्या आत्ता पुसून टाका.”

मुलीने कागद दोनदा वाचला. ती जागची हलली नाही.

“वाटतेय ना आता लाज?” नकाशेवाले म्हणाले.

“राग येतोय,” ती म्हणाली आणि तिने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर वरून काढलेला फोटो होता. छपरांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामधून जाणारा सरळ रस्ता. त्यावर दोन गतिरोधक.

“हे निळ्या पत्र्याचं आमचं घर,” तिने एका छपरावर बोट ठेवलं. “बाबांनी तुमचा छापील नकाशा बघून जागा घेतली. तिथे तेव्हा काहीच नव्हतं, पण नकाशात रस्ता होता. म्हणून चाळीसच्या चाळीस घरांनी तेवढी जागा सोडून भिंती बांधल्या. सांगा काका, कुठून कुठपर्यंत पुसू?”